टीव्हीवरची साळूआक्का

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला मच्छिंद्रचं पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागेच घर. त्याची थोरली बहीण साळू नऊ वर्षांची असताना मेंदूज्वरानं फणफणली, महिनाभर अंथरुणाला खिळली, आणि उठली ती डोळे आणि कान दोन्ही गमावून. तोवर तिची तिसरी झाली होती, एवढंच काय ते नशीब. अक्षरं येत होती. सात वर्षांचा मच्छिंद्र तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायला लागला आणि ती तोंडानं उत्तर द्यायला लागली. तिचा आवाज पुढे जाड, सपाट होत गेला; परक्याला ओ की ठो कळायचं नाही, घरच्यांना मात्र सगळं कळायचं. आई-बाप गेले, मच्छिंद्रचं लग्न झालं. बायको पुष्पाबाई शाळेची पायरी न चढलेली, त्यामुळे आक्काच्या तळहातावर लिहिणारा तो एकटाच राहिला.

आणि ही बाई काही कोपऱ्यात बसून राहणारी नव्हती, बरं का. भाकरी थापायची, घर सारवायची, धुणं धुवायची, वर भावजयीची चेष्टाही करायची. दुपारी चुलीपासून दुकानापर्यंत चहाचा भरला कप घेऊन ताठ मानेनं चालत यायची आणि थेंब सांडायची नाही. ते जमायचं, कारण घरातली वस्तू जागची हलवायची नाही हा मच्छिंद्रचा कायदा होता. पुष्पाबाईनं नवी नवरी असताना एकदा पाट इकडचा तिकडे ठेवला, तर या गड्यानं घर डोक्यावर घेतलं. आक्काला डोळे नाहीत, तिला जागा आहेत, असं त्यानं तिला बजावलं होतं. तेव्हापासून पुष्पाबाई केरसुणीसुद्धा खुणेवर ठेवायची.

१९९१ च्या उन्हाळ्यात पुण्याकडच्या लोकांची एक जीप बीडकडे जाताना दुकानासमोर पंक्चर झाली. त्यातला एक जण टीव्हीसाठी अपंगांवर फिल्मा काढणारा डायरेक्टर निघाला. आक्का नेहमीप्रमाणे चहा घेऊन आली, आणि हिला दिसत नाही, ऐकू येत नाही, हे कळल्यावर त्या माणसाच्या हातातला कप तसाच राहिला. पंधरा दिवसांत कॅमेरा घेऊन येतो म्हणाला. आता मच्छिंद्रच्या पोटात ही गोष्ट मावते होय! हवा भरायला आलेल्या प्रत्येक सायकलवाल्याला त्यानं सांगितलं. आमची आक्का टीव्हीत येऊन राह्यली म्हणून पार शहागडपर्यंत बोभाटा केला.

पंधरा दिवसांनी ते खरंच आले. अर्धं गाव ओट्यावर जमलं. आक्कानं ठेवणीतलं काठाचं पातळ नेसलं आणि नेहमीसारखी चहा घेऊन चालत आली. डायरेक्टरनं डोकं खाजवलं. पुन्हा चालायला लावलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी मच्छिंद्रला बाजूला घेऊन म्हणाला, हे चालणार नाही. बघणाऱ्याला वाटेल हिला दिसतंय. ही चाचपडली पाहिजे, धडपडली पाहिजे, त्याशिवाय कुणाला पाझर फुटणार? बघा म्हणजे शहाणपण! खरं त्यांच्या नाकासमोरून चहा घेऊन चाललं होतं, आणि त्यांना तेच खोटं वाटत होतं. जमत नसेल तर गुंडाळून निघतो, असंही तो म्हणाला.

मच्छिंद्रनं आक्काच्या तळहातावर लिहिलं, हात पुढं करून, चाचपत चाल. आक्का खो खो हसली.

“मी काय आंधळी हाय व्हय? घर माझं हाय,” ती म्हणाली, आणि नवा चहा ओतायला चुलीकडे गेली.

ओट्यावरची माणसं मच्छिंद्रकडे बघत होती. कॅमेऱ्याची पेटी उघडी होती, ती आता मिटणार आणि वर्षभर गाव आपली टिंगल करणार, एवढंच त्याला दिसत होतं. तिथंच त्याची बुद्धी फिरली. भिंतीलगत पाण्याचे हंडे ठेवायची लाकडी घडवंची होती. त्यानं वरचे हंडे-कळशी उतरवले, घडवंची उचलून हातभर पुढे, आक्काच्या वाटेत ठेवली, आणि हंडे परत वर चढवले. पुष्पाबाई “अहो” एवढंच म्हणाली. त्यानं डोळे वटारले, तशी ती बिचारी मागे सरली.

आक्का आली. तिचा गुडघा घडवंचीवर आदळला, भरली कळशी पायावर पडली, कढत चहा मनगटावर सांडला आणि ती पाण्यात खाली बसली. मग तिनं दोन्ही हात पुढे केले आणि आपण कुठे आहोत ते हवेत शोधायला लागली. त्या घरात तिनं असे हात कधी केले नव्हते. कॅमेरा अगदी तोंडाजवळ गेला. डायरेक्टरनं मच्छिंद्रचा हात दाबून एका टेकमध्ये ओके म्हटलं, आणि खोटं कशाला सांगायचं, मच्छिंद्रला त्या घडीला बरं वाटलं.

संध्याकाळी त्यानं घडवंची जागेवर नेली. आक्काच्या मनगटाला खोबरेल लावलं आणि तळहातावर लिहिलं, जमीन वली होती, तू घसरली.

“आसंन,” आक्का म्हणाली आणि तिनं हात मागे घेतला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी गावातल्या अण्णासाहेबांच्या कलर टीव्हीवर गावानं ती फिल्म पाहिली. अंधारात चाचपडणारं एक आयुष्य, असं कुणीतरी घोगऱ्या आवाजात सांगत होतं. चहा घेऊन ताठ चालणारी आक्का त्यात कुठंच नव्हती, तेवढं कापून टाकलं होतं. बायांनी पदर डोळ्याला लावले, पुरुषांनी मच्छिंद्रला देवमाणूस ठरवलं. शेजारची जी कोंडाबाई रोज आक्काशी हातावर हात मारून हसायची, तिनं दुसऱ्या दिवशी तिला जुनं लुगडं आणून दिलं. आक्कानं ते चाचपून पाहिलं आणि हे कशाला, असं मच्छिंद्रला विचारलं.

पण फिल्म लागायच्या आधीच आक्का फिल्ममधल्यासारखी चालायला लागली होती. कॅमेरावाले गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक हात भिंतीला, एक हात पुढे, पाय घासत घासत. दुकानात चहा यायचा बंद झाला तो झालाच. मच्छिंद्र तिचा हात धरून घरभर फिरवायचा, बघ, सगळं बराबर जागेवर हाय, असं लिहायचा. ती प्रत्येक वस्तूला हात लावायची, हो म्हणायची, आणि पुन्हा चाचपतच जायची. त्याला वाटायचं, पडली तेव्हा तिच्या मनात भीती बसली. पुष्पाबाई म्हणायची, खरं काय ते आक्कांना सांगून टाका. सांगतो, तो म्हणायचा. या सांगतो-सांगतोमध्ये बारा वर्षं गेली, आणि माणूस सांगायचा राहिला तो राहिलाच.

२००३ साली अंबडकडून एक मास्तर आले. अपंगांच्या शाळेत लागले होते, तिथल्या प्रशिक्षणात त्यांना ती फिल्म दाखवली होती. बोलत असताना आक्का भिंत धरून खोलीतून गेली. मास्तरांना कोण आनंद! अगदी बराबर दाखवलंय हो, म्हणाले, अश्शीच चालतात ह्या. फिल्म खोटी आहे असं मच्छिंद्र कुठल्या तोंडानं सांगणार? आता ती खरी झाली होती, आणि ती त्यानंच खरी केली होती. मास्तर चहा पिऊन गेले तसा तो आक्कासमोर बसला आणि तिचा हात हातात घेतला.

घडवंची मी हलवली, त्यानं लिहिलं. तू घसरली न्हाईस.

“ठावं हाय,” आक्का म्हणाली. “दुसऱ्या दिशी सारवताना घडवंचीच्या पायाचे खळगे हाताला लागले. जुने भिताडापाशी, नवे मधीच.”

मंग बोलली का न्हाईस, त्यानं लिहिलं.

“तू सांगशील म्हून वाट पाहून राह्यले.” मग तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. “आता सांगूनच राह्यलास तर समदं सांग, मच्छू. आणखी काय काय हलवलंस?”

काहीच न्हाई, त्यानं लिहिलं. तिचा तळहात पुसल्यासारखा करून परत तेच लिहिलं. आईची शप्पथ, असंही लिहिलं.

“बरं,” आक्का म्हणाली. ती उठली, आणि दोन्ही हात पुढे धरून चुलीकडे गेली.