दुसरा नारळ

माझ्या लेकीला मी आवडत नाही, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. शुभदाच्या कुशीत ती निवांत असायची आणि मी घेतलं की भोकाड पसरायची. जुरोंग आयलंडहून कंपनीच्या बसने आणि मग एमआरटी मेट्रोने सेंगकांगला घरी यावं, हातपाय धुऊन तिला उचलावं, आणि तिने घर डोक्यावर घ्यावं. रिफायनरीतले पंप माझं मुकाट ऐकायचे, पण ही हातभर पोर ऐकेना.

शुभदा आणि मी बरीच वर्षं एकत्र संसार करत होतो. मूल हवं हे दोघींनी मिळून ठरवलं आणि परदेशातल्या उपचारांनंतर ते शुभदाच्या पोटी आलं. त्यामुळे कागदावर आई ती एकटीच. दवाखान्यात मला "तुम्ही कोण?" असं विचारलं, तर मी "मैत्रीण" म्हणून मोकळी झाले. झोप नाही म्हणून शुभदा चिडायची, पोर माझ्याकडे येत नाही म्हणून मी. "अगं, पोर आहे ती, ऑफिसची फाईल नाही," असं ती एकदा हसून म्हणाली, तर मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. रोज संध्याकाळी माहूरच्या रेणुकेच्या तसबिरीपुढे निरांजन लावताना मी एकच विचारायची, आई, मी हिची कोण? पण देवी बोलते थोडीच.

बाराव्या दिवशी करायचं ते बारसं लांबत लांबत तिसऱ्या महिन्यावर गेलं. दोघींच्याही माहेरून कुणी येणार नव्हतं. माझी आई फोनवर "तुमचं तुम्ही बघा" एवढंच म्हणाली होती. शेवटी एका रविवारी ओळखीच्या चार मराठी बायकांना बोलावलं. दाराला तोरण बांधलं, घुगऱ्या केल्या, स्प्रिंगला टांगलेल्या सारोंगच्या कापडी झोळीच्या पाळण्याला फुलांची माळ घातली. ओटीसाठी दोन नारळ आण, असं शुभदा सांगत होती. मीच एक आणला. ओटी बाळंतिणीची भरतात, माझी कशाला?

एकेकीचा निरोप येत गेला. कुणाकडे पाहुणे, कुणाला ताप. घुगऱ्या गार झाल्या. मी तोरण उतरवायला स्टुलावर चढले, तेवढ्यात लिफ्टमधून नऊवारीतल्या एक आजी बाहेर आल्या. तोरण दिसताच त्यांनी चपला काढल्या आणि "उशीर झाला गं बाई," म्हणत सरळ आत शिरल्या. त्या आपल्या मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि निघाल्या होत्या शेजारच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे बाजूच्या इमारतीतल्या, सत्यनारायणाला. मजला तोच, घराचा नंबर तोच, फक्त ब्लॉक चुकला होता. पण ते आम्हाला नंतर कळलं. पाळणा पाहून त्या जरा गोंधळल्या.

"बारसं होय? मग बायका कुठायत?"

"कुणी आलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी शुभदाकडून पोर घेतली. ती टकामका बघत राहिली. "बाळाची आई कोण?"

मी शुभदाकडे बोट दाखवलं. तिने ते बोटच धरलं. "आम्ही दोघी, आजी. नवरा कुणालाच नाही. दोघींचीच आहे ही."

आता ही बाई चपला घालणार, असंच मला वाटलं. आजींनी एकदा शुभदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर खोचला.

"म्हणजे ओट्या दोन. नारळ आहेत ना?"

"एकच आहे," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी पिशवीत हात घातला आणि सत्यनारायणासाठी आणलेला नारळ काढून पाटावर ठेवला.

माझ्या ओटीत तो नारळ पडला तेव्हा मला रडू आवरेना. मग आजींनी पोर माझ्या मांडीवर दिली आणि तिनेही लगेच सूर लावला.

"माझ्यापाशी रडतेच ही," मी ओशाळून म्हणाले.

"मग काय माझ्यापाशी रडेल? परक्याकडे पोरं नुसती बघत बसतात. हिच्यापाशी दूध आहे, म्हणून गप्प. तुला दिवसभराचं गाऱ्हाणं सांगते ती. रडायला आपलं माणूस लागतं, पोरी."

आत्या कुणी नव्हती, म्हणून आजीच आत्या झाल्या. त्यांनी कानात "मुक्ता" असं नाव सांगितलं. रीतीप्रमाणे आम्ही दोघींनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, तर "हळू गं, म्हातारीची पाठ आहे," म्हणून हसल्या. मग मुलाचा फोन आला आणि सगळा घोटाळा उघडा पडला. मी नारळ परत द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. "असू दे. देवाला सांगते, वाटेत दिला म्हणून."

ती रेणुका होती की ब्लॉक चुकलेली एक म्हातारी, याचा कीस मी कधी काढला नाही. इतके दिवस तसबिरीपुढे बसून मी उत्तर मागत होते, आणि देणारीने ते माझ्या ओटीत घालेपर्यंत दुसरा नारळ आणायचंही मला सुचलं नव्हतं. मागण्यापेक्षा ओटी पसरून बसणं अवघड असतं, एवढं मला त्या दिवशी समजलं. पुढे दवाखान्यात पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा मी "आई" म्हणाले. नर्सने मान डोलावली आणि मुक्ताला वजनाला नेलं.

मी घरी आले की ती रडायची थोडीच थांबली? पण आता मी हातपाय धुऊन तिला मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, सांग बाई, काय काय झालं आज?