मोसंबीच्या वासाचं माप

सांगलीच्या रसाच्या कारखान्यात मी पॅकिंगला होतो, तेव्हा तिथे एक केमिस्ट होते. रस उकळायचा, वाफ थंड करायची आणि त्यातलं सुवासिक तेल काचनळीतून थेंबाथेंबानं औषध सोडून मोजायचं, हे त्यांचं काम. त्यांची नोकरी अजून कायम नव्हती.

एकदा मॅनेजरनी रस हुंगला आणि वासच नाही म्हणून रहिमतपूरच्या एका म्हाताऱ्याची ट्रकभर मोसंबी नाकारली. केमिस्टनी तीनदा मोजून पाहिलं.

"साहेब, माल चांगला हाय."

"म्हणजे माझं नाक खोटं?"

"तुमाला सर्दी झालीय, साहेब. काचनळीला न्हाई."

मॅनेजर लाल झाले, पण माल उतरला.

म्हातारा हात जोडून केमिस्टकडे आला. "आवं, लय उपकार झालं."

"वास तुमच्या मोसंबीतच व्हता, आजोबा. म्या नुसता मोजला."