वॉकओव्हर नसलेली लीग

इंदूरमध्ये रग्बीची लीग होती असं सांगितलं की लोक आधी हसतात. परदेशीपुरा, पलासिया, भंवरकुआं आणि आमची शाळा, असे मुलींचे चार संघ होते. मी शाळेत व्यायामशिक्षक आणि लीगचा सेक्रेटरी. अध्यक्ष फक्त उद्घाटनाला यायचे. मैदान आखण्यापासून शिट्टी वाजवण्यापर्यंत बाकी सगळं माझ्याच गळ्यात. रग्बीचे उंच खांब कुठले मिळायला, म्हणून फुटबॉलच्या खांबांना बांबू बांधायचो. मैदान मुरमाचं, पडलं की गुडघा सोलून निघायचा. तरी मुली पडायच्या आणि उठून पुन्हा पळायच्या.

संघात सात जणी लागत. भंवरकुआंच्या मुली कोचिंगसाठी बाहेरगावहून आलेल्या, टेस्ट आली की दोघीतिघी गायब. मुली कमी पडल्या तर समोरच्या संघाला न खेळताच विजय द्यायचा, आणि असं दोनचारदा झालं की लीगच बंद पडेल, ही मला धास्ती. म्हणून आम्ही एक रीत पाडली. कमी पडलेल्या संघाला दुसऱ्या संघाने आपली एक खेळाडू द्यायची, कागदावर मात्र न आलेल्या मुलीचंच नाव लिहायचं, कारण नावांची यादी राज्य संघटनेकडे आधीच गेलेली असे. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. मला तर नाहीच. ‘आमच्याकडे एकही वॉकओव्हर झालेला नाही’ असं मी छाती फुगवून सांगत असे.

परदेशीपुऱ्याची एक मुलगी यादी गेल्यानंतर आली. अंगाने काटकुळी, पण पळायला लागली की कोणाच्या हाती लागायची नाही. कोचिंग सोडून गावी परत गेलेल्या एका मुलीच्या नावावर मी तिला अख्खा सीझन भंवरकुआंकडून खेळवलं. फायनल जिंकून देणारा ट्राय तिचाच. सगळ्यांना चुकवून तिने रेषेपलीकडे चेंडू टेकवला, आणि मी तो कागदावर दुसरीच्या नावापुढे लिहिला. पुढच्या वर्षी मैदानावर बांधकाम सुरू झालं आणि लीग संपली.

मागच्या वर्षी ती शाळेत आली. हातात पोलीस भरतीचा फॉर्म, खेळाडूंच्या कोट्यातला.

“सर, सर्टिफिकेट बनवून द्या ना. लास्ट डेट परवा आहे.”

तिचं नाव कुठेच नाही हे फाइल उघडण्याआधीच मला माहीत होतं. तरी मी पानं उलटत राहिलो. मान वर करायची लाज वाटत होती. लेटरहेड होतं, शिक्काही होता, आणि जुन्या याद्या कोण ताडून बघणार? पण खोटं सर्टिफिकेट लिहायला हात पुढे होईना. शेवटी मी लिहिलं की ही मुलगी माझ्या सांगण्यावरून दुसरीच्या नावाने खेळली, चूक सर्वस्वी माझी आहे. खाली सही केली. आपण फार मोठं काहीतरी केलं असं तेव्हा वाटलं.

तिने उभ्यानेच वाचलं.

“सर, इससे भरती होगी?”

“बहुतेक नाही. पण जे खरं आहे तेच लिहिलंय.”

तिने आवाज चढवला नाही.

“तेव्हा लीगसाठी खोटं लिहिलं तुम्ही. मी काही बोलले का? आता मेरी बारी आली, तर खरं लिहिताय?”

तिने कागद नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवला, “चलती हूँ सर” म्हणाली आणि गेली. तो कागद लिहून माझं मन हलकं झालं होतं. भरती तिची गेली.