काजळी न पुसलेला प्लग

दिवाळीची सुट्टी लागली आणि मी आप्पांना म्हटलं, "कोल्हापूरला जाऊन येते." आप्पांनी चहाची बशी तोंडापाशी नेली होती, ती तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, "जा. पण माझं नाव तिथं काढायचं न्हाई."

"नाही काढणार," मी म्हटलं. आमचा करार झाला.

आधी ओळख करून देते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. मी कराडला शाळेत गणित शिकवते आणि मोटारीचे जुने प्लग जमवते. हो, इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग. बायका भरतकाम करतात, मी हे करते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्याकडे एकतीस प्लग आहेत. काही अभ्रकाचे, काही चिनी मातीचे, एक तर अख्खा उकलून पुन्हा जोडता येतो. शेजारच्या काकू विचारतात, "ह्याचं करायचं काय?" काकूंच्या फडताळात सोळा बरण्या रिकाम्या आहेत, त्यांना मी कधी काही विचारलं नाही.

हे वेड आप्पांमुळे, म्हणजे माझ्या वडलांमुळे लागलं. आप्पा कोल्हापुरात एका सरदारांकडे ड्रायव्हर होते. मी नऊ वर्षांची असताना त्यांची नोकरी गेली. सरदारांच्या घरी लग्न होतं, निपाणीहून व्याही मंडळींना घेऊन येताना कागलच्या रस्त्यावर गाडीचं इंजिन जाम झालं. व्याही भर उन्हात धुळीत उभे राहिले आणि गाडी बैल जुंपून कोल्हापुरात आणावी लागली. ड्रायव्हरनं तेल न बघता गाडी हाकली, इंजिन जाळलं, असं ठरलं. आठ दिवसांत आम्ही कोल्हापूर सोडलं. कराडला आप्पा पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर लागले. आमच्या आधी आमची कीर्ती तिथं पोचली होती. शाळेत मुली मला 'इंजिनजाळ्याची पोरगी' म्हणायच्या. आई गेली, त्यानंतर घरात आम्ही दोघंच, आणि आप्पांनी त्या दिवसाबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता.

मग कोल्हापूरला कशाला जायचं? तर संस्थान विलीन होऊन पाचसहा वर्षं झाली. सरदारांच्या गाड्या विक्रीला निघाल्या, मोटारखाने रिकामे झाले, जुनं सामान बाजारात आलंय असं ऐकलं. प्लगांसाठी जाते, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मला एकदा तिथं जाऊन ताठ मानेनं चालून बघायचं होतं.

तर प्रवास. कराडहून एस.टी. सकाळी साडेसहाला सुटते. जायचं असेल तर डाव्या बाजूची खिडकी धरू नका, सगळं ऊन तोंडावर येतं. पेठ नाक्यावर गाडी थांबते, तिथं गरम भजी मिळतात. खा, पण पाणी आपलं न्या. रस्ता बराचसा चांगला आहे, अधूनमधून हाडं मोजून घेतो. प्रत्येक खड्ड्याला माझा डबा वाजत होता, तेव्हा कंडक्टर शेवटी आलाच.

"बाई, लाडू हायत काय?"

"प्लग आहेत."

"कसलं?"

"मोटारीचे."

त्यानं डबा उघडायला लावला, आत डोकावला आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "दाजी, आता गाडी कुठंबी बंद पडू दे. बाई हायत!" सगळी गाडी हसली. मीही हसले. पंचगंगेचा पूल आला तेव्हा मात्र मी डबा मांडीवर ओढून घेतला. ह्याच पुलावरून आम्ही गेलो होतो, ट्रंकेवर मी बसले होते. ते आठवून मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

उतरायची सोय म्हणाल तर देवळाजवळ धर्मशाळा आहे. खोली स्वच्छ, पाणी भरपूर, जाताना पेटीत जे टाकाल ते. एकट्या बाईला मात्र चार प्रश्न विचारतात. "सोबत कोण?" व्यवस्थापकांनी विचारलं. मी डबा दाखवला. त्यांनी निमूटपणे किल्ली दिली.

तो रविवार होता, म्हणून सामान टाकून सरळ लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले. भाजी, मिरची, कोंबड्या ओलांडून पलीकडे जुन्या लोखंडाची दुकानं लागतात. काय काय होतं म्हणून सांगू! रबरी फुग्याचा पितळी भोंगा, कार्बाईडचा दिवा, पेट्रोलची इनॅमलची पाटी, कुठल्याशा गाडीचं नुसतं दार, त्याला आतून अजून मखमल. एका पोत्यावर बसलेल्या दुकानदार पावण्यांना मी प्लगांचं विचारलं. ते खो खो हसले.

"प्लग? बाई, प्लग पाह्यजेत तर शिवाजी पेठंत बाबालाल मिस्त्रीकडं जावा. भिंतभर हायत. पर देणार न्हाई बरं का! मी दोनदा मागून बघितलं, शिव्या खाऊन आलो."

शिव्यांना मी काय घाबरते? सहावीच्या वर्गाला गणित शिकवते मी. आठवण म्हणून भोंगा घेतला आणि धर्मशाळेत जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी पेठ. तालमीतून पैलवान अंग पुसत बाहेर येत होते, बोळाच्या तोंडाशी दोन मंडळांची कालच्या फुटबॉलवरून जुंपली होती. मी पत्ता विचारला तर दोन्ही मंडळं भांडण सोडून मला पोचवायला आली. कोल्हापूर हे असं आहे. आवाज असा की मारामारी वाटावी, आणि जवळ जावं तर माणूस हातातली पिशवी घेऊन चालायला लागतो. इतक्या वर्षांत हे मी विसरले होते, त्याची मला लाज वाटली.

बाबालाल मिस्त्री गाडीतून काढलेल्या एका सीटवर बसले होते. सत्तरीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा, दाढी पांढरी आणि बोटं काळी. मागच्या भिंतीवर फळी, फळीला भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकात एक प्लग उभा. पन्नास तरी असतील. सगळे काळेकुट्ट. मला वाटलं, अरेरे, म्हातारबाबांना साफ करायला होत नसेल. मी मोठ्या ऐटीत माझा डबा उघडला. रॉकेल, राख आणि चिंच लावून घासलेले माझे एकतीस प्लग लखलखले.

मिस्त्रींनी एक उचलला, दुसरा उचलला आणि कपाळावर हात मारला.

"ह्ये काय करून ठेवलंस बाई! सगळ्यांची तोंडं धुवून आणलीस!"

"म्हणजे?"

"डॉक्टर जीभ बघतो का न्हाई? प्लग म्हंजे इंजिनाची जीभ. इंजिनाला काय दुखतंय ते काजळीत लिवलेलं असतंय. तू समदं खरवडून टाकलंस. मुकं केलंस की गं त्यांना!"

एकतीस प्लग! वर्षानुवर्षं मी मन लावून पुसत बसले होते. कान लाल झाले माझे. पण हार कशी मानायची? फळीवरच्या एका प्लगकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हा कोरडा काळा आहे. पेट्रोल जास्त जात होतं." दुसरा दाखवला. "हा पांढुरका. इंजिन फार तापायचं. आणि हा बिस्किटाच्या रंगाचा, ह्या गाडीचा मालक नशीबवान."

मिस्त्री चष्म्यावरून बघायला लागले. "कुठं शिकलीस?"

"घरी," मी म्हटलं आणि पुढं काही बोलले नाही. कराराप्रमाणे.

त्यांनी खूश होऊन फळीवरचा एक प्लग माझ्या हातात दिला. आता माझी एक सवय आहे. प्लग हातात आला की टोकांमधली फट मोजल्याशिवाय मला राहवत नाही. पर्समधून जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा काढला, त्याला तीन घड्या घातल्या आणि फटीत सरकवला. मान वर केली तर मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"पोस्टकार्डानं फट मोजणारा ह्या गावात एकच ड्रायव्हर होता," ते हळू म्हणाले. "तू आप्पाची पोरगी न्हवं?"

मी नाव काढलं नव्हतं. पण नाही तरी कसं म्हणू? मी मान हलवली.

मिस्त्री उठले. साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. फडक्याला पुसले. मग कपाटातून एक पत्र्याची डबी काढून माझ्यासमोर उघडली. आत एक प्लग होता, त्यावर तेलाचा काळा, चिकट थर वाळून गेलेला.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचला. तेल खालून वर येत होतं. म्हणजे पिस्टनची रिंग गेलेली. इंजिनात तेल नसतं, तर प्लगवर एवढं तेल आलंच नसतं.

"कागलच्या रस्त्यावर जाम झालेल्या गाडीचा हाय ह्यो. दोन नंबरच्या सिलिंडरचा," मिस्त्री म्हणाले. "लग्नाच्या आधी इंजिन मीच उघडलेलं. रिंग बसवताना एक चिरली. नवी रिंग मुंबईहून यायला आठ दिवस लागणार आणि सरदारांची घाई. म्हटलं, लगीन निघून जाईल, मग बदलू. तशीच बसवली. गाडी ओढून आणली तवा सरदारांनी सगळ्यांसमोर मला इचारलं, ड्रायव्हरची चूक न्हवं? मी मान खाली घातली, पोरी. न्हाई बी म्हटलं न्हाई, व्हय बी म्हटलं न्हाई. आप्पा समोर हुबा होता."

मला राग आला. खरं तेच सांगते, इतका राग आला की हातातलं पोस्टकार्ड चुरगळलं. वर्गातल्या त्या मुली आठवल्या. गिरणीतून पिठानं पांढरे होऊन येणारे आप्पा आठवले. मी उठलेच.

मिस्त्रींनी डबी पुढं केली. "आप्पाला दे."

"काय सांगू त्यांना?"

"काय बी सांगू नको. त्याला वाचता येतंय. फकस्त पुसू नको. आणि ह्ये चार माणसांत सांग. मला जमलं न्हाई, तू सांग."

त्या दिवशी मी कोल्हापुरात किती फिरले कोण जाणे. रंकाळ्यावर बसले, उठले. संध्याकाळी गंगावेशीत म्हैस समोर उभी करून पिळलेलं दूध मिळतं, ते मोठा पेला भरून प्यायले. फेसाळ, कोमट. चुकवू नका. ते पोटात गेल्यावर डोकं जरा थंड झालं. ह्या माणसाला तो प्लग केव्हाच पंचगंगेत टाकता आला असता. कुणाला कळलं असतं? पण त्यानं तो जपून ठेवला, आणि मी दारात उभी राहिल्यावर हात धुऊन माझ्यासमोर ठेवला. वीस वर्षं जे खरं मला कुणी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं.

सकाळी गाडीच्या आधी परत गेले. मिस्त्री दारातच होते. मी म्हटलं, "काल मला तुमचा फार राग आला होता. आणि मी तुमचे उपकार मानते. दोन्ही सांगायला आले." मिस्त्रींनी मान डोलावली आणि माझ्या हातात भडंगाचा पुडा कोंबला. मी वाकून नमस्कार केला.

येताना डबा पायाशी होता आणि ती डबी मांडीवर. कंडक्टर दुसरा होता, त्यानं काही विचारलं नाही.

घरी आप्पा ओसरीवरच बसले होते. मी काही न सांगता डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडली. प्लग उजेडाकडे धरला, गोल फिरवला, नाकाशी नेला.

"दोन नंबरचा," आप्पा म्हणाले.

मी त्यांना नंबर सांगितला नव्हता.

"आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"कागलच्या रस्त्यावर मीच काढून बघितला की. बघितला आणि परत बसवला."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. शेजारच्या काकू बाहेर आल्या असतील तर आल्या असतील. "वीस वर्षं, आप्पा! मला निदान सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस?" आप्पा म्हणाले. "बाबालाल उस्तादाचं गॅरेज सरदारांच्या जागेत होतं. चार पोरं पदरात. बोललो असतो तर त्यो रस्त्यावर आला असता. माझं काय, मला कुठंबी चाक मिळालं असतं, असं वाटलं. चाक न्हाई मिळालं, ती गोष्ट येगळी."

मी रडले. रागानं की कशानं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी ज्या माणसाच्या नावानं मान खाली घालून वाढले, त्याच्याइतका मोठा माणूस मी पाहिलेला नाही. हे मला त्या ओसरीवर कळलं. कोल्हापूरला गेले नसते तर कधीच कळलं नसतं, म्हणून त्या एस.टी.चे, त्या पोत्यावरच्या पावण्यांचे, भांडण सोडून वाट दाखवायला आलेल्या मंडळांचे, सगळ्यांचे आभार.

आप्पा मात्र प्लगकडेच बघत होते.

"ह्यो त्यानं ठेवला होता?" त्यांनी विचारलं.

"कपाटात. डबीत घालून."

"मला वाटलं, मी गप बसून त्याला सोडवला," आप्पा सावकाश म्हणाले. "आणि त्यो ह्ये रोज बघत बसला व्हय? मला ठाऊक होतं, एवढं जरी सांगितलं असतं त्याला…"

त्यांनी डबी बंद केली आणि मला न देता स्वतःच्या खिशात घातली.

"कोल्हापूरची पहिली गाडी किती वाजता म्हणालीस?"

"साडेसहा."

"दोन जागा मिळतील न्हवं?"

"मिळतील," मी म्हटलं. "डावी खिडकी मात्र नको."