मशालीचा मान

"राजा गिरता है तो राज्य हिलता है। बिजलीवाला गिरता है तो फ्यूज उड़ता है।"

सर वर्गात असं म्हणाले आणि वर्ग हसला. मी पुढच्याच बाकावर होते. माझे वडील, आमचे दादा, बिजलीवाले होते आणि त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

देवासच्या कॉलेजात मी एम.ए. करत होते. विषय इंग्रजी. त्या दिवशीचा धडा जुन्या इंग्रजी शोकांतिकांचा, शोकांतिकेचा नायक कसा असावा हा. सर सांगत होते, नायक उंचावर हवा. उंचावरचा माणूस एका चुकीने खाली येतो, त्या पडण्याला शोकांतिका म्हणतात. ज्याला पडायला उंचीच नाही तो मेला तर वाईट वाटतं, पण तो अपघात. पेपरात चार ओळी येतात. हे समजावताना त्यांना फ्यूज आठवला.

हसू ओसरल्यावर माझ्याकडे बघून ते मराठीत म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. उदाहरण ताजं होतं म्हणून घेतलं."

मी मान हलवली. मान हलवायची आमच्या घराला सवयच होती.

आम्ही मशालची. पवारांच्या दरबाराबरोबर कधीतरी दक्षिणेतून इकडे माळव्यात आलेली माणसं. देवासला एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमचे पूर्वज थोरल्या पातीच्या शागिर्दपेशात, म्हणजे नोकरचाकरांत. राजाच्या पालखीपुढे मशाल घेऊन धावायचं काम. सरांचे पूर्वज त्याच दरबारात कारभारी. राज्यं गेली. सर प्रोफेसर झाले, दादांनी लायटिंगचं दुकान टाकलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो आमच्या मराठी मंडळात शाबूत राहिला.

मंडळाचं नाटक दरवर्षी दसरा आणि कोजागिरीच्या मधे असतं. तिसरी घंटा झाली की आमच्या घरातला पुरुष पेटती मशाल घेऊन प्रेक्षकांमधून चालत येतो. अनवाणी. रंगमंचाच्या पायऱ्यांशी थांबतो. वर चढत नाही. नाटकात जो राजा असतो तो खाली येऊन मशाल घेतो, वर नेतो आणि तिने समई पेटवतो. मग टाळ्या. याला मशालीचा मान म्हणतात. दादा त्या दिवशी नवा सदरा घालत. आई औक्षण करायची. लहानपणी मलाही वाटायचं, टाळ्या आमच्यासाठीच आहेत.

त्या वर्षी सरांनी स्वतः एका जुन्या इंग्रजी शोकांतिकेचं रूपांतर केलं होतं. राजा तेच. दिग्दर्शनही त्यांचंच. लाइट अर्थातच दादांचे. मीही काम मागायला गेले होते. मला राणीचे संवाद पाठ होते. सरांनी ऐकून घेतले, चांगले म्हणाले, आणि दासीचं काम दिलं. घागर घेऊन घसरून पडणारी दासी. म्हणाले, "शोकांतिकेत मधे जरा हसू लागतं. तू ते छान करशील."

बरोबरच होतं त्यांचं. वर्गात तेच तर शिकवलं होतं. त्या नाटकांत राजे पद्यात बोलतात, नोकर गद्यात. राजा तडफडून थकला की दोन नोकर येऊन धडपडतात, प्रेक्षक श्वास घेतात, नोकर जातात. सुखात्मिकेतही निराळं काही नाही. शेवटी मालकाचं लग्न लागतं आणि नोकराच्या डोक्यात टपली बसते. मी ते वहीत उतरवून खाली रेघ मारली होती. दासी करायला मात्र नको म्हटलं आणि प्रेक्षकांत बसले. माझ्या नाही म्हणण्याची मजल तेव्हा तेवढीच होती.

प्रयोग मंडळाच्या मागच्या मैदानात होता. धूळ उडू नये म्हणून दुपारीच पाणी मारलेलं. तिसरी घंटा झाली. दादा मशाल घेऊन आले. ओल्या मातीतून, अनवाणी. सरांनी मुकुट घातला होता, पायांत जरीच्या मोजड्या. त्यांनी मशाल घेतली. टाळ्या झाल्या. आणि दादा तसेच, ओल्या पायांनी, पळत विंगेमागे मेन बोर्डाकडे गेले, कारण समई पेटली की लगेच राजावर झोत यायला हवा होता. चपला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला राहिल्या होत्या, जिथून ते निघाले तिथे. त्या आणायला वेळ नव्हता.

अंधार झाला. सगळ्यांना वाटलं, नाटकातलाच आहे.

मग माईकवर आवाज आला, "तांत्रिक अडचणीमुळे प्रयोग थोड्या वेळात सुरू होईल. कृपया जागा सोडू नये."

मी जागा सोडली नाही. थोड्या वेळाने जनरेटर लागला, पडदा उघडला आणि सर पद्यात बोलू लागले. पहिला प्रवेश संपत आला तेव्हा तंबूवाला कैलासभिया वाकून माझ्याजवळ आला. दादांचा जुना सोबती. दादांना शॉक लागला तेव्हा त्यानेच बांबूने मेन पाडला होता. म्हणाला, "बैन, चल. दादा को अस्पताल ले गए." त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दादांच्या चपला होत्या.

आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागे सगळं मैदान हसलं. दासी घसरली होती. दुसऱ्या कुणीतरी केलं होतं ते काम.

दवाखान्यात पोचण्याआधीच दादा गेलेले होते.

मंडळाने दोन मिनिटं शांतता पाळली. दुसऱ्या दिवशी. आधी प्रयोग पूर्ण झाला.

वर्गात फ्यूजचा विनोद झाला त्याच आठवड्यात सर घरी आले. खुर्चीत बसले. आईने चहा केला, त्यांनी कपाला ओठ लावून ठेवून दिला.

"धारला प्रयोग आहे," सर म्हणाले. "तिथल्या मंडळींनी मुद्दाम बोलावलंय. मशालीशिवाय आपली सुरुवात होत नाही. तुला भाऊ नाही, तेव्हा मशाल तू घे. दादांना श्रद्धांजलीच होईल."

मी विचारलं, "चप्पल घालून चालेल?"

सर हसले. "अगं, मान आहे तो. अनवाणीच असतो."

ते गेल्यावर मी आईला नाही म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "मान दारात चालत आलाय. लाथाडू नये बाई. ह्यांना काय वाटेल?" ह्यांना म्हणजे भिंतीवरच्या फोटोला. तिच्याकडे बघून मी गेले.

धारलाही मैदानच होतं. तिथेही पाणी मारलेलं. नवी बाईमाणूस मशालची बघायला लोक माना वळवत होते. चिंध्या तेलात बुडवल्या, मशाल पेटली, मी चपला काढल्या. पायाला गार चिखल लागला. तिसऱ्या घंटेची वाट बघत उभी होते तर पायाशी वायर गेलेली दिसली, जागोजागी टेप मारलेली. आणि तिथे मला धडा समजला.

नायकाच्या हातून एक चूक होते, तिच्यामुळे तो मरतो, असं सरांनी शिकवलं होतं. दादांच्या हातूनही एकच चूक झाली होती. त्यांनी अपमानाला मान समजलं होतं. आयुष्यभर. त्यांच्या बापाने, आज्याने समजलं तसंच. शेवटी नायकाला आपली चूक उमगते, हेही शिकवलं होतं. दादांना तेवढा वेळ मिळाला नाही. ती मला उमगली, धारच्या चिखलात, हातात आग घेऊन.

घंटा झाली. मी परत चपला घातल्या. चालत गेले. पायऱ्यांशी सर मुकुट घालून हात पुढे करून उभे होते. पायऱ्यांच्या बाजूला आगीसाठी वाळूची बादली ठेवलेली असते. मी मशाल उलटी करून त्या बादलीत खुपसली.

धूर झाला. तेलाचा वास सुटला. सर दातांतून म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं?"

मी म्हटलं, "दादा पडले ते उंचावरूनच पडले, सर. तुम्हाला दिसली नाही उंची."

हे कुणाला ऐकू गेलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी थांबेल. आता तरी. कुणीतरी विंगेतून हाक मारली, "भिया, माचिस दे." समई माचिसने पेटली. चांगली पेटली. टाळ्या तेवढ्याच झाल्या. मशालीवाचून कुणाचं काही अडलं नाही. एवढ्यासाठी आम्ही पिढ्यान् पिढ्या अनवाणी चालत होतो.

मी शेवटपर्यंत मागे उभी राहिले. दासी घसरली, लोक हसले. राजा मेला, मरताना खूप वेळ बोलला. माझ्या पुढची बाई पदराने डोळे पुसत होती. त्या बाईचा मला इतका राग आला की तिच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटलं.

आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. मंडळाने मशाल माझ्या चुलतभावाला दिली. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "ताई, घर का मान है. कोई तो उठाएगा." त्याने नवा सदराही शिवलाय. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तेही खरं नाही. त्याचंही जळलं होतं.

सर अजून तोच धडा शिकवतात. फ्यूजचं वाक्य यंदाच्या वर्गातही घेतलं म्हणे. हसू येतंच त्यावर.

यंदाचं नाटक जवळ आलंय. मला कुणी ऐकणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तिसऱ्या घंटेला मी मैदानाच्या मधोमध उभी असेन, दादांच्या चपला हातात घेऊन. चुलतभाऊ अनवाणी आला की त्या त्याच्यापुढे ठेवीन. घातल्या तर बाजूला होईन. नाही घातल्या तर मशाल त्याच्या हातातून घेईन आणि विझवीन. मला उचलून बाहेर काढतील. पुढच्या वर्षी मी परत येईन.

लोक हसतील. हसू देत. मी दासी नाही. मी घसरणार नाही.