हरभऱ्यातली चाकोरी

मी भिगवणच्या कॉलेजात सायकलवरून कुठल्या रस्त्यानं जावं, हे ठरवायला आमच्या पडवीत पाच-सहा बाप्ये बसले होते. त्यांच्यातल्या एकानंही गेल्या कित्येक वर्षांत सायकलला टांग मारलेली नव्हती. सगळे फटफटीवाले नाहीतर दुसऱ्याच्या फटफटीवर मागं बसणारे. पण रस्त्यावर बोलायला तोंड लागतं, टांग लागत नाही.

सभा अर्थातच तात्यांनी बोलावली होती. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. साखर कारखान्याचे सभासद होते आणि त्या सभासदपणाचा त्यांना इतका छंद होता, की घरात शेळी विकायची तरी विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन असं करत. कारखान्याच्या वार्षिक सभेत कसं, वर कुणी काही वाचायच्या आतच खालून 'मंजूर, मंजूर' असा ओरडा होतो, तसाच आमच्या पडवीतही होई. सगळ्यात आधी मंजूर म्हणणारा माणूस म्हणजे माझे वडील. आण्णांना आम्ही तात्यांपुढं 'व्हय दादा' याच्यापलीकडं दुसरं वाक्य बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

आमचं गाव डाळजच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याच्या काठाला. शाळा दहावीपर्यंत, आणि मी दहावी पास झाले होते. आता पोरीला पुढं शिकवायचं, का वरकुट्याहून सांगून आलेल्या स्थळाला होकार कळवायचा, असा खरा विषय होता. तो कुणी उघड बोलत नव्हतं. बोलत होते रस्त्यावर. रस्ता जमला नाही की स्थळ आपोआप जमणार होतं, एवढं मला कळत होतं, म्हणून मी चौकटीला टेकून उभीच राहिले.

"हायवेनं? सोलापूरचं ट्रक काय पोरगी बघून चालत्यात व्हय?" एक जण म्हणाला. खरं होतं. मी लगेच म्हणाले, "मग जुन्या रस्त्यानं जाते." जुना रस्ता म्हणजे धरणात गाव जायच्या आधी भिगवणला जायचा तो मातीमुरमाचा रस्ता. पाणी चढलं की तो बुडतो, दिवाळीनंतर पाणी हटायला लागलं की वर येतो आणि पुढल्या पावसाळ्यापर्यंत राहतो. ट्रक नाही, जीप नाही, एसटी नाही. चढ तर औषधालासुद्धा नाही.

"त्या रस्त्यानं?" दुसरा जवळजवळ ओरडला. "तितं माणूस हाय का काणूस? चिटपाखरू न्हाय. काय झालं तर हाक कुणाला मारंल पोरगी?"

म्हणजे वाहनं असलेला रस्ता चालत नव्हता आणि वाहनं नसलेलाही चालत नव्हता. मला असा संताप आला! म्हटलं, "मग काय पाण्यावरनं जाऊ का? होडी बघा मला एक." आतून आईचं खोकणं ऐकू आलं. तिला खोकला नव्हता.

एकानं सायकलचाच मुद्दा काढला. सायकल आण्णांची, मधे नळी असलेली पुरुषी. पोरीनं नळीवरून पाय टाकायचा म्हणजे काय, यावर अर्धा तास गेला. शेवटी तात्यांनी मांडीवर थाप मारली आणि ठराव केला. जुन्या रस्त्यानं जायचं. पाणी चढलं की एसटी मिळाली तर जायचं, न मिळाली तर घरी बसायचं. आणि एक अट: हायवेला सायकलचं चाक लागलेलं दिसलं, की शिक्षण बंद. मंजूर, मंजूर. आण्णा म्हणाले, "व्हय दादा."

तो रस्ता मात्र काय होता म्हणून सांगू! एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ओला काळा गाळ, मधून ताठ सरळ रस्ता, दोन्ही अंगांना बुडून वठलेल्या बाभळींची खोडं. पाण्यात लांब तांबड्या पायांचे पक्षी घोळक्यानं उभे. सुकत टाकलेल्या मासळीचा वास भिगवण येईपर्यंत पाठ सोडायचा नाही. आजकाल पुण्याची मंडळी असले रस्ते शोधत येतात आणि 'किती शांत, किती सपाट' म्हणून माना डोलावतात. सपाटीवर समोरून वारं सुटलं की काय होतं ते त्यांना विचारावं. ते वारं मला खुशाल मागं ढकलायचं. गाळ मडगार्डात असा घट्ट बसायचा की चाक फिरेना, मग खाली उतरून बाभळीच्या काडीनं तो उकरायचा. कॉलेजात मी कायम गुडघ्यापर्यंत काळी. पोरी हसायच्या. हसू देत. मी त्या रस्त्यावर मोठ्यानं धडे म्हणायची, आणि गावातल्या एकेका बाप्याची नक्कलही करायची. ऐकायला कुणी नव्हतं, हीच तर त्या रस्त्याची मजा होती. मी तिथं फार सुखात होते.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर पाणी हटलं आणि गाळपेर सुरू झाली. आमच्याकडं हे दरवर्षीचं. जमिनी धरणात गेल्या, सरकारनं त्यांचे पैसे दिले, ते पैसे लग्नांत आणि फटफट्यांत गेलेसुद्धा. तरी पाणी हटलं की जो तो बरोब्बर आपल्या आज्ज्याच्या रानात जाऊन उभा राहतो. पुन्हा त्याच बांधावरून भांडणं, त्याच शिव्या. ओल्या गाळात हरभरा टाकायचा, ना खत ना पाणी, येईल ते फुकटचं. सगळे रस्ता सोडून पेरायचे. रस्ता बुडीत असला तरी रस्ता, एवढी समज गावाला होती.

आणि एका सकाळी बघते तर रस्ता संपलेला. सरळ चाललेली वाट एकाएकी नांगरट होऊन गेली होती. नारळाएवढी ढेकळं, त्यात ट्रॅक्टरच्या फणांच्या रेघा, आणि पार पलीकडं पुन्हा माझा रस्ता. अख्ख्या वाटेत रस्ता मोडला होता तो फक्त आमच्या घरानं.

संध्याकाळी मी तात्यांना तोंडावर विचारलं. ते अगदी शांत होते. "ह्यो रस्ता आपल्या रानातनं गेलाय. माझ्या आज्ज्यानं रस्त्याला रान दिलं. आता सरकारनं रस्ताच बुडवला, मग रान कुणाचं? आपलंच की." रानही बुडालं होतं आणि त्याचे पैसे खुद्द तात्यांनीच मोजून घेतले होते, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. मी म्हणाले, "तात्या, माझी परीक्षा हाय. मी जाऊ कुठनं?" ते म्हणाले, "बघू की."

मी दोन-तीन आठवडे सायकल ढकलत त्या ढेकळांतून गेले. तोवर हरभरा उगवून आला. रस्त्याच्या कडक जमिनीवर आलेला तो हरभरा असा पिवळा, खुरटा, की शेळीनंही तोंड फिरवलं असतं. पण त्यात चाकाची रेघ दिसली आणि तात्या पेटले. "उभ्या पिकातनं सायकल घातलीस?"

"पिकातनं न्हाय, रस्त्यातनं घातली!"

झालं. पुन्हा पडवी, पुन्हा सभा. जुना रस्ता आता नाही, हायवेला तर ठरावानंच बंदी, आणि एसटी ठरावात फक्त पाणी चढल्यावरची. म्हणजे कॉलेज बंद, झालं तेवढं पोरीच्या जातीला बास, वरकुट्याला निरोप धाडा. मंजूर, मंजूर. मी आण्णांकडं बघितलं. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली आणि म्हणाले, "व्हय दादा." त्या क्षणी मला तात्यांपेक्षा आण्णांचा राग आला. दुष्ट माणसाचा एकदाच राग येतो. असल्या गरीब माणसाचा रोज येतो. त्या संध्याकाळी मी त्यांना ताटसुद्धा वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या कारखान्याच्या कुठल्याशा मीटिंगला बारामतीला गेले. त्यांची फटफटी हायवेला लागली न लागली तोच आण्णांनी बैलगाडी जुंपली. गाडीत विहिरीवरचे दगड भरायला लागले. आईनं विचारलं, "कुठं निघालाय?" त्यांनी पुढला दगड उचलला. गाडी पाण्याकडं गेली आणि दुपार कलली तेव्हा रिकामी परत आली.

तात्या आले ते बातमी ऐकूनच आले. "हरभऱ्यात गाडी कुणी घातली रं?"

"मीच," आण्णा खाली मान घालून म्हणाले. "बैल बुजलं, दादा."

बैल बुजले होते. बुजले ते कसे? हरभऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी दोरी लावल्यासारखे सरळ बुजले. तिथून शांतपणे वळले आणि परत त्याच चाकोरीतून बुजत आले. असं पाच-सात वेळा बुजले. दगडांच्या वजनानं चाकांच्या लोखंडी धावेखाली जमीन अशी दाबली गेली होती, की चाकोरीत हरभऱ्याचं एक पान उभं नव्हतं. आमचे बैल तसे फार गरीब. लग्नातल्या बँडबाजाच्या गाडीलाही कधी बुजले नव्हते.

तात्यांना सगळं कळलं. पण सख्ख्या धाकट्या भावानं आपला ठराव मोडला, हे गावात सांगायचं कसं? मग त्यांनी काय केलं असेल? डाळजच्या हॉटेलात चहा पिता पिता सांगून टाकलं, की पुतणीच्या शिक्षणासाठी आपण उभ्या पिकात वाट सोडली आहे. लोकांनी माना डोलावल्या. सव्वीस जानेवारीला शाळेत 'शिक्षणप्रेमी' म्हणून त्यांना नारळ देण्यात आला. टाळ्या वाजवणाऱ्यांत आण्णाही होते. मी दात-ओठ खात बसले होते.

चाकोरी अरुंद होती. हँडल जरा हललं की मी आडवी. पण मी रोज गेले, आणि परीक्षा दिली.

निकालाच्या दिवशी पडवी पुन्हा भरली. मी पास झाले होते. तात्यांनी स्वतः पेढे मागवले होते आणि येईल त्याला हरभऱ्याची गोष्ट सांगत होते. गोष्टीत आता चांगलं एक एकर पीक गेलं होतं. देवापुढं पेढा ठेवून झाला. आमच्यात त्यानंतरचा पहिला पेढा घरातल्या थोरल्याचा. तात्यांनी डाव्या तळव्यावर उजवा ठेवून हात पुढं केला. मी पुडा घेऊन त्यांच्यासमोरून सरळ पुढं गेले, दाराशी चपलांजवळ बसलेल्या आण्णांपुढं वाकले आणि पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

आण्णा घाबरून तात्यांकडं बघायला लागले. पडवीत कुणी मंजूर म्हणेना.

"खावा," मी म्हणाले. "खावा आधी."

त्यांनी पेढा तोंडात घातला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तात्यांचा हात अजून तसाच पुढं होता.