दामाजी चेअरमनची जकात

मनुबाई सगळं विसरायची, पण कुणी दिलेला घाव विसरायची नाही. दामाजी चेअरमनला हे कळायला हवं होतं, पण त्या माणसाला जकातीपलीकडे काही कळतच नव्हतं.

डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात तो मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. पंच्याऐंशी साली कल्याणच्या जकात नाक्यावर अर्धा दिवस ट्रकची रांग बघत उभा राहिला आणि परतला तो पछाडल्यासारखा. बंदरावर फळा लागला: बाहेरगावचा माल, टोपलीमागे पाच रुपये. कारखान्यांच्या पाण्याने खाडीतली मासळी मरत होती, इलाज जकात. देवळाचं छप्पर गळतंय, वाढवा जकात. पोरांना नोकऱ्या नाहीत, वाढवा जकात. "बाहेरचा माल आडवला का गाव आपोआप वर येतंय," असं छाती फुगवून सांगायचा.

मनुबाईचं पोट त्या बाहेरच्या मालावरच होतं. पैलतीरावरचा तिचा धाकटा भाऊ भिवाजी रोज सकाळी होडीतून मासळी आणायचा आणि ती डोंबिवलीच्या बाजारात विकायची. जकात वीसवर गेली तेव्हा त्याच्या हाती काही उरेना.

"माजा सख्खा भाऊस बाहेरचा कसा रं?" तिने बंदरावर विचारलं. चेअरमनने चारचौघांत फळ्याकडे बोट केलं आणि तो खदखदा हसला. भिवाजीने होडी विकली, ठाण्याला कुठल्याशा गोदामावर वॉचमन झाला. मनुबाई लोकांची भांडी घासू लागली. ते हसणं तेवढं तिने जपून ठेवलं.

ती गावची धवलारीणही होती. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाची गाणी, म्हणजे धवले, तीच गायची, आणि धवल्यांशिवाय त्या वाड्यात लग्न लागत नसे. तिचं भलं करायचं म्हणून चेअरमनने फळ्यावर आणखी एक ओळ चढवली होती: बाहेरची धवलारीण, पाचशे एक. आसपासच्या धवलारणी भडकल्या. आपल्याला टोपल्यांच्या रांगेत बसवणाऱ्या गावात पाऊल ठेवायचं नाही, अशी शपथच घेतली त्यांनी.

नव्वद साली चेअरमनच्या लेकीचं, मालूचं लग्न निघालं. हळदीच्या सकाळी मांडव भरला, मनुबाई मात्र आपल्या ओट्यावर पाय पसरून बसलेली. बोलवायला आलेली दोन माणसं हात हलवत परतली. शेवटी चेअरमन स्वतः आला.

"मनुबाय, चल ना गं. काय पायजेल ते माग."

"मी गावचा माल हाय ना? बाहेरचा तू येऊ देत नाय. मंग भाव मीच लावनार." ती जागची हलली नाही. "ठाण्याला जा, भिवाजीला आन. पैलतीरावरून होडीनं या. मासलीची टोपली तुज्या डोक्यावर, तो मोकल्या हातानं. आन् फल्यासमोर जकात भर."

संध्याकाळी सगळा वाडा बंदरावर लोटला. चेअरमन होडीतून उतरला, लग्नासाठी शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरून मासळीचं पाणी ओघळत होतं. बरी जिरली! पावती फाडणारा विठ्ठल पुटपुटला, "तुमच्याकडून कसे घेऊ?"

"घे," मनुबाई म्हणाली. "आन् मोठ्यानं बोलून घे."

"बाहेरचा माल, टोपली एक!" विठ्ठल ओरडला.

चेअरमनने वीस रुपये मोजले. मनुबाईने फळ्याकडे बोट केलं आणि इतकी वर्षं जपलेलं हसणं चारचौघांत त्याला परत केलं. मग पदर खोचला, भावाचा हात धरून मांडवात गेली, बिचाऱ्या मालूला हळद लावली आणि पहिला धवला म्हणायला घेतला. आवाज जरासुद्धा कापला नाही.